मणक्यातील ‘छिद्र’ आठव्या महिन्यापर्यंत बुजत नाही

गर्भातील बाळाच्या मणक्याच्या सोनोग्राफीविषयीचा एक लांबलचक संदेश गेले काही महिने समाजमाध्यमांवर फिरतो आहे. त्याखाली ‘एका निवृत्त स्त्रीरोगतज्ज्ञांचे अनुभवाचे बोल’ असे लिहिलेले असते. तज्ज्ञांचे नाव मात्र कुठेच नसते. संदेशाचा सारांश असा: सोनोग्राफीच्या किरणांनी बाळाचा कोवळा मणका वाकडा होतो, म्हणून पाचव्या महिन्यातली तपासणी टाळावी, मणक्याची ‘खरी’ तपासणी आठव्या महिन्यातच होते, तोवर फोलिक ॲसिडच्या गोळ्या दुप्पट केल्या की मणक्यात छिद्र असलेच तर ते आपोआप बुजते, अहवालात ‘अर्धा मणका’ असे शब्द आले तर मूल जन्मभर अंथरुणाला खिळणार, तेव्हा विचार करत बसू नये, आईने गोड खाल्ल्यामुळे बाळाच्या कण्याचे शेवटचे टोक तयार होत नाही, आणि फोर-डी यंत्रावर सगळे स्वच्छ दिसत असताना एमआरआय सांगणारा डॉक्टर केवळ पैसे उकळतो, वर बाळाला किरणोत्सर्गही देतो.

असले संदेश मी एरवी वाचून सोडून देते. गर्भाच्या सोनोग्राफीचे काम रोज करणाऱ्या माणसाने प्रत्येक संदेशाला उत्तर द्यायचे म्हटले तर तपासण्या कधी करायच्या? परंतु या वेळी तो माझ्या मामेबहिणीपर्यंत पोहोचला. ती एकविसाव्या आठवड्यात आहे आणि तिच्या अहवालात कमरेच्या भागातील एका अर्ध्या मणक्याची नोंद आहे. तिने फोनवर विचारले, “ताई, पुढची तपासणी रद्द करून आठव्या महिन्यापर्यंत थांबले तर चालेल ना?” त्याच वेळी घरातली वडीलधारी मंडळी, त्याच संदेशाच्या आधारे, गर्भ ठेवायचाच कशाला असे विचारत होती. एका संदेशाने एकाच घरात ‘थांबा’ आणि ‘अजिबात थांबू नका’ असे दोन्ही सल्ले दिले होते, आणि ते दोन्ही चुकीचे होते. म्हणून हे उत्तर.

‘सोनोग्राफीच्या किरणांनी मणका वाकडा होतो’

सोनोग्राफीत किरण नसतात, ध्वनिलहरी असतात. एक्स-रेमधील किरणोत्सर्ग पेशींतील रेणूंचे आयनीभवन करतो. ध्वनिलहरी ते करत नाहीत. ही भीती बहुधा जुन्या काळातून वाहत आलेली असावी. पोटातील बाळाचा एक्स-रे काढण्याची पद्धत एके काळी रूढ होती, आणि १९५६ मध्ये ॲलिस स्ट्युअर्ट यांनी अशा एक्स-रेंचा बालपणीच्या कर्करोगाशी संबंध असल्याचे दाखवून दिले. ग्लासगोमध्ये इयान डोनाल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पोटाच्या तपासणीसाठी ध्वनिलहरी वापरल्याचा शोधनिबंध १९५८ चा आहे. म्हणजे संदेश ज्या धोक्याची भीती घालतो तो धोका सोनोग्राफीने आणलेला नाही, उलट सोनोग्राफी आल्यामुळे गर्भाचे एक्स-रे मागे पडले.

खरे तर या दाव्याला साधा काळाचा हिशेब पुरेसा आहे. मेंदू आणि मज्जारज्जू ज्या न्यूरल ट्यूबपासून बनतात ती गर्भधारणेनंतर साधारण २८ व्या दिवसापर्यंत मिटते. पाळीपासून मोजले तर तो सहावा आठवडा होतो. मणक्यांचे कूर्चेचे साचे त्यानंतरच्या काही आठवड्यांत तयार होतात. ज्या तपासणीला हा संदेश दोष देतो ती अनॉमली स्कॅन, म्हणजे गर्भाच्या अवयवांतील दोष शोधणारी सोनोग्राफी, साधारणपणे १८ ते २२ आठवड्यांच्या दरम्यान होते. जो दोष तपासणीच्या तीन-साडेतीन महिने आधी घडून गेला, तो त्या तपासणीने कसा घडवला, हे संदेश लिहिणाऱ्यानेच सांगावे.

एवढे मात्र मान्य करावे लागेल की ध्वनिलहरींची काही ऊर्जा शरीरात शोषली जाऊन तिची उष्णता होते आणि हाड ती मऊ ऊतींपेक्षा अधिक शोषते. ही गोष्ट कुणी दडवून ठेवलेली नाही. यंत्राच्या पडद्यावर कोपऱ्यात ‘टीआय’ नावाचा औष्णिक निर्देशांक सतत दिसत असतो तो याचसाठी, आणि ११ ते १४ आठवड्यांच्या दरम्यान डॉप्लर (रक्तप्रवाह पाहण्याची सोनोग्राफीची पद्धत) वापरायचा झाल्यास हा निर्देशांक १ च्या वर जाऊ देऊ नये असे सोनोग्राफीतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचे मार्गदर्शन आहे. बाळाचा चेहरा पाहण्याच्या हौसेपायी वैद्यकीय कारणाशिवाय यंत्र लांबवत ठेवण्याला माझाही विरोधच आहे. पण त्यावरून कण्याची तपासणीच टाळण्याचा सल्ला निघत नाही.

‘छिद्र आठव्या महिन्यापर्यंत बुजते, तपासणी तेव्हाच करावी’

हा दावा सर्वांत घातक आहे, म्हणून त्याला सर्वाधिक जागा देते.

संदेश ज्याला ‘छिद्र’ म्हणतो तो उघडा स्पायना बायफिडा होय. छिद्र म्हटले की डोळ्यांसमोर हाडातले भोक येते आणि हाड वाढेल तसे ते भरून येईल असे वाटणे स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात हाडाचा दोष तिथे दुय्यम असतो. मज्जारज्जू सुरुवातीला एक सपाट पट्टी असते. ती दोन्ही कडांनी वर उचलली जाऊन मिटते आणि तिची नळी होते. एखाद्या भागात ती मिटलीच नाही तर तिथला मज्जारज्जू त्वचेविना, उघड्या अवस्थेत, थेट गर्भजलाच्या संपर्कात राहतो आणि त्याच्यावर मणक्याची मागची कमान पूर्ण होत नाही. ही मिटण्याची मुदत गर्भधारणेनंतरच्या चौथ्या आठवड्याबरोबर संपते. विसाव्या आठवड्यात घेतलेली गोळी, दुप्पट असो की दसपट, ती मुदत परत आणू शकत नाही.

फोलिक ॲसिडच्या बाबतीत लिहिणाऱ्याने एक खरी गोष्ट उचलली आणि तिची वेळ तेवढी बदलून टाकली. ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने सात देशांतील ३३ केंद्रांत घेतलेल्या चाचणीचे निष्कर्ष १९९१ मध्ये प्रसिद्ध झाले. आधीच्या गर्भात न्यूरल ट्यूबचा दोष आढळलेल्या स्त्रियांना रोज ४ मिलिग्रॅम फोलिक ॲसिड दिल्यावर दोषाच्या पुनरावृत्तीचा धोका ७२ टक्क्यांनी घटला. ही गोळी गर्भधारणेपूर्वी सुरू करून बाराव्या आठवड्यापर्यंत द्यायची होती. ‘गर्भधारणेपूर्वी’ हा एक शब्द गाळला की त्याच चाचणीतून हा संदेश तयार होतो. ज्यांना असा पूर्वेतिहास नाही त्यांच्यासाठी रोज ०.४ मिलिग्रॅमची शिफारस आहे, तीही गर्भधारणेचा विचार सुरू झाल्यापासून. फिट्सच्या आजारासाठी व्हॅल्प्रोएट घेणाऱ्या स्त्रियांमध्ये स्पायना बायफिडाचा धोका वाढतो, त्यामुळे त्यांनी औषध स्वतःहून बंद न करता गर्भधारणेच्या आधीच डॉक्टरांशी बोलणे अत्यावश्यक असते. संदेशात याचा उल्लेखही नाही.

संदेशात एका ‘भगिनी’ची साक्ष जोडलेली आहे: पाचव्या महिन्यात छिद्र दिसले, गोळ्या वाढवल्या, आठव्या महिन्यात छिद्र नाहीसे झाले. ती खोटी आहे असे मी म्हणणार नाही. असे घडलेले असू शकते, परंतु त्याचे कारण गोळी नव्हे.

कण्याचा आडवा छेद पडद्यावर घेतला की प्रत्येक मणक्यातील हाडाची तीन केंद्रे पांढऱ्या ठिपक्यांसारखी दिसतात: एक पुढे, दोन मागे, आणि मागचे दोन एकमेकांकडे झुकलेले. मानेपासून प्रोब (पोटावर फिरवायचे यंत्राचे टोक) खाली नेत एकेक मणका असा पाहत जायचा असतो. उघड्या स्पायना बायफिडात मागचे दोन ठिपके बाहेरच्या बाजूला फाकतात आणि त्यांच्यावरची त्वचेची अखंड रेघ तुटते. अडचण अशी की मागच्या कमानीत हाड एकदम तयार होत नाही. कमरेच्या शेवटच्या, म्हणजे पाचव्या मणक्यात ते साधारण १६ व्या आठवड्याच्या सुमारास दिसू लागते, त्रिकास्थीच्या (कमरेखालील हाडाच्या) पहिल्या मणक्यात १९ व्या आणि दुसऱ्या मणक्यात २२ व्या आठवड्याच्या आसपास. सतराव्या आठवड्यात कुणी त्रिकास्थीकडे पाहून ‘इथे हाड दिसत नाही’ असे लिहिले, तर ते हाड अजून तयारच व्हायचे असते. प्रोब थोडा तिरका धरला गेला किंवा बाळ पाठ खाली करून पडले असेल, तरी निरोगी ठिपके फाकल्यासारखे दिसू शकतात. असे ‘छिद्र’ पुढच्या तपासणीत नाहीसे होते, कारण ते मुळातच नव्हते.

दुसरी शक्यता याहून वाईट आहे: चिन्ह नाहीसे होते आणि दोष तसाच राहतो. १९८६ मध्ये निकोलायडिस, कॅम्पबेल आणि सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’मध्ये दाखवून दिले की उघड्या स्पायना बायफिडाची चाहूल पाठीपेक्षा डोक्यात अधिक सहज लागते. पाठीच्या उघड्या जागेतून मेंदूभोवतीचे पाणी झिरपते, लहान मेंदू खाली ओढला जाऊन केळ्यासारखा वाकतो आणि कपाळाची हाडे दोन्ही बाजूंनी आत दबून कवटीला लिंबाचा आकार येतो. आज जगभर सोनोग्राफी करणारे लोक हीच दोन चिन्हे शोधतात. याच गटाच्या १९९० च्या अभ्यासात स्पायना बायफिडा असलेल्या १३० गर्भांची पाहणी झाली. चोवीस आठवड्यांपर्यंत लिंबाचे चिन्ह ९८ टक्के गर्भांत दिसले. चोवीस आठवड्यांनंतर ते अवघ्या १३ टक्क्यांत उरले. पाठीचा दोष मात्र होता तसाच होता. पुढे डोक्यात पाणी साठत गेल्यामुळे आणि कवटी कठीण झाल्यामुळे आकार बहुधा गोल होतो, एवढेच. लहान मेंदूतील बिघाड उशिरापर्यंत टिकतो हे खरे, परंतु आठव्या महिन्यात डोके आईच्या कटिरात खाली उतरलेले असते, कवटीच्या हाडाची सावली पडते आणि नेमकी तीच जागा पाहणे अवघड होते. म्हणजे ‘आठव्या महिन्यात पाहा’ हा सल्ला मानणारी स्त्री सहज दिसणारे चिन्ह निघून गेल्यावर तपासणीला येते आणि ‘डोक्याचा आकार चांगला आहे’ एवढे ऐकून घरी जाते.

उशिराची खरी किंमत पुढे कळते. २०११ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये ‘मॉम्स’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या चाचणीचे निष्कर्ष आले. उघड्या स्पायना बायफिडाची शस्त्रक्रिया बाळ गर्भात असतानाच करायची की जन्मानंतर, याची तुलना अमेरिकेतील तीन केंद्रांत चिठ्ठ्या टाकून गट पाडून केली गेली. गर्भातील शस्त्रक्रियेचा फायदा इतका स्पष्ट दिसू लागला की ठरवलेली संख्या पूर्ण होण्याआधीच भरती थांबवण्यात आली. डोक्यातील पाणी काढण्यासाठी पहिल्या वर्षात शंट (बारीक नळी) बसवावा लागलेल्या मुलांचे प्रमाण गर्भातील शस्त्रक्रियेच्या गटात ४० टक्के होते, जन्मानंतरच्या गटात ८२ टक्के. अडीच वर्षांच्या वयात आधाराशिवाय चालणारी मुले पहिल्या गटात ४२ टक्के, दुसऱ्या गटात २१ टक्के. या चाचणीत शस्त्रक्रियेसाठी गर्भाचे वय २६ आठवड्यांपेक्षा कमी असणे बंधनकारक होते. आठवा महिना बत्तिसाव्या आठवड्याच्या आसपास येतो. तोवर थांबलेल्या स्त्रीच्या बाबतीत हा पर्याय कुणी नाकारत नाही, तो तिच्या नकळत संपून गेलेला असतो. शिवाय उघडा मज्जारज्जू गर्भजलात राहिला की आठवड्यागणिक त्याची हानी वाढत जाते, असे मानायला आधार आहे आणि गर्भातील शस्त्रक्रियेमागचा विचारही तोच आहे.

या शस्त्रक्रियेची जाहिरात करण्याचा माझा हेतू नाही. याच चाचणीत गर्भातील शस्त्रक्रिया झालेली बाळे सरासरी ३४ आठवड्यांनाच जन्मली, दुसऱ्या गटातील ३७ आठवड्यांना. आईच्या गर्भाशयावरील व्रणाचा धोका राहतोच आणि प्रत्येक गर्भ त्यासाठी पात्र नसतो. काही जोडपी शस्त्रक्रिया स्वीकारतील, काही जन्मानंतरच्या उपचारांची तयारी करतील, काही गर्भ न ठेवण्याचा निर्णय घेतील. तो निर्णय त्यांचा आहे. पण तो घेण्यासाठी माहिती विसाव्या आठवड्यात हाती असावी लागते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये प्रत्येक गर्भवतीची एक सोनोग्राफी २४ आठवड्यांपूर्वी व्हावी अशी शिफारस केली आहे. संदेशाचा सल्ला नेमका याच्या उलट आहे.

काही दुर्मीळ दोषांत तर उशीर म्हणजे आंधळेपणाच. सायरेनोमेलियात दोन्ही पाय जोडलेले असतात, त्रिकास्थी अपुरी असते आणि बहुतेक वेळा मूत्रपिंडेही नसतात. पहिल्या काही महिन्यांत गर्भजल बाळाच्या लघवीवर अवलंबून नसते, त्यामुळे तेव्हा पाय आणि कणा बऱ्यापैकी दिसतात. पुढे लघवीच नसल्यामुळे पाणी आटते, बाळ गर्भाशयाच्या भिंतींना चिकटते आणि सोनोग्राफीत पायांची बाह्यरेषाही धड मिळत नाही.

उशिराच्या तपासणीच्या बाजूने जेवढे म्हणता येते तेवढे म्हणते. मज्जारज्जूचे खालचे टोक गर्भाच्या वाढीबरोबर वर सरकत जाते आणि त्याची जागा तिसऱ्या तिमाहीत अधिक नीट कळते. त्वचेखाली झाकलेले काही दोषही तेव्हाच लक्षात येतात. पण ही उशिराची तपासणी विसाव्या आठवड्यातील तपासणीनंतरची असते, तिच्याऐवजीची नव्हे.

‘अर्धा मणका म्हणजे जन्मभर अंथरूण’

हे वाक्य वाचल्यावर मला खरोखर संताप आला, कारण ज्या जोडप्यांच्या हाती असा अहवाल असतो त्यांच्यावर याचा तत्काळ परिणाम होतो.

मणक्याचा पुढचा भाग डाव्या आणि उजव्या अशा दोन कूर्चाकेंद्रांपासून घडतो. एका बाजूचे केंद्र तयारच झाले नाही तर तिथे पूर्ण मणक्याऐवजी पाचरीच्या आकाराचा अर्धा मणका राहतो. त्याला हेमिव्हर्टिब्रा म्हणतात. मज्जारज्जू त्याच्यामागून बहुतेक वेळा अखंड आणि झाकलेला जातो. उघड्या स्पायना बायफिडाशी या दोषाची गल्लत करणे ही संदेशातली मूळ चूक आहे. एका दोषात मज्जातंतू उघडे पडलेले असतात, दुसऱ्यात हाडाची घडण असमान झालेली असते.

अर्ध्या मणक्याचे पुढे काय होते हे काही ठरावीक गोष्टींवर अवलंबून असते. त्याच्या वर आणि खाली दोन्ही बाजूंना वाढीच्या चकत्या शाबूत असतील तर तो वाढत राहतो आणि कणा एका बाजूला ढकलतो. शेजारच्या मणक्याला जोडलेला असेल तर वाकण्याचा वेग कमी असतो. कंबर आणि त्रिकास्थी यांच्या सांध्यावरचा अर्धा मणका अधिक त्रासदायक ठरतो, कारण तिथे कण्याला खालून भरपाई करायला जागा नसते. दोन अर्धे मणके विरुद्ध बाजूंना असतील तर ते एकमेकांचा तोल सांभाळून कणा जवळजवळ सरळही ठेवू शकतात. काही मुलांना लहानपणीच शस्त्रक्रिया लागते, काहींच्या बाबतीत ठरावीक काळाने एक्स-रे काढून लक्ष ठेवणे पुरते. एकच अर्धा मणका आणि बाकी शरीर निर्दोष, अशा बाळाचे भवितव्य सामान्यतः चांगले असते.

‘बाकी शरीर निर्दोष’ हीच यातली कळीची अट आहे, आणि संदेशातील भीतीत सत्याचा अंश असलाच तर तो इथे आहे. मणक्याच्या घडणीतला दोष अनेकदा एकटा येत नाही. मणके, गुदद्वार, हृदय, श्वासनलिका व अन्ननलिका, मूत्रपिंडे आणि हातपाय यांचे दोष एकत्र आढळण्याला व्हॅक्टर्ल असे नाव आहे. त्यामुळे अर्धा मणका दिसला की गर्भाच्या हृदयाची स्वतंत्र तपासणी करायची, दोन्ही मूत्रपिंडे शोधायची, दोन्ही बाजूंच्या बरगड्या मोजायच्या आणि हाताची हाडे पाहायची. एकाच्या जागी बरेचसे मणके विस्कटलेले असतील, बरगड्या मागे एकत्र जुळलेल्या आणि छाती आखूड असेल, तर ती स्पॉन्डिलोथोरॅसिक प्रकारातील वेगळीच अवस्था असते. तिथे चिंता पाठीच्या वाकाची नसून फुप्फुसांना जागा मिळण्याची असते.

माझ्या बहिणीचा अहवाल मी मागवून घेतला. त्यात मणक्याची पातळी लिहिलेली आहे, वरची त्वचा अखंड आहे, लहान मेंदूचा आकार नेहमीसारखा आहे, दोन्ही मूत्रपिंडे जागेवर आहेत. हृदयाची तपासणी आणि मज्जारज्जूसाठी एमआरआय सुचवलेला आहे. अहवाल लिहिणाऱ्याने आपले काम चोख केले आहे. या सगळ्यातून घरात पोहोचला तो एकच शब्द, आणि त्याचा अर्थ लावला एका निनावी संदेशाने.

‘गोड खाल्ल्याने कण्याचे टोक तयार होत नाही’

यामागे एक वैद्यकीय सत्य आहे, पण ते मिठाईविषयी नाही. कण्याचा खालचा भाग अपुरा राहण्याच्या कॉडल रिग्रेशन या दुर्मीळ दोषाचा आईला गर्भधारणेपूर्वीपासून असलेल्या मधुमेहाशी ठळक संबंध आहे. गर्भधारणेच्या पहिल्या आठवड्यांत साखर अनियंत्रित असेल तर धोका वाढतो, म्हणून मधुमेह असलेल्या स्त्रीने साखर आधीच आटोक्यात आणावी. ज्यांना मधुमेह नाही अशा मातांच्या बाळांतही हा दोष आढळतो. ज्या आईच्या बाळात तो सापडला तिला ‘तूच गोड खाल्लेस’ असे सुनावणे हा निव्वळ दुष्टपणा आहे.

‘फोर-डीवर सगळे दिसते, एमआरआय म्हणजे लूट आणि किरणोत्सर्ग’

फोर-डी, म्हणजे हलते त्रिमितीय, चित्र आकर्षक असते म्हणून ते सर्वज्ञ होत नाही. त्रिमितीय चित्राचा कण्यासाठी उपयोग होतोच, विशेषतः अर्धा मणका नेमका कुठला आणि कोणत्या बाजूचा हे ठरवताना. परंतु चांगल्या द्विमितीय छेदांशिवाय त्याला अर्थ नसतो. त्वचेखाली झाकलेल्या दोषांत पाणी बाहेर झिरपत नाही, त्यामुळे लिंबू आणि केळे ही चिन्हे दिसत नाहीत आणि आईच्या रक्तातील एएफपी हे गर्भाकडून येणारे प्रथिनही वाढत नाही. असे दोष उत्तम यंत्रावर, अनुभवी हातांकडूनही सुटू शकतात. जन्मानंतर असा दोष निघाला की लगेच निष्काळजीपणाचा आरोप करण्याआधी हे ध्यानात ठेवलेले बरे.

एमआरआयची गरज याच ठिकाणी येते. मज्जारज्जू दोन भागांत दुभंगलेला असतो त्या डायस्टेमॅटोमायलियात सोनोग्राफीला कण्याच्या मधोमध एक जास्तीचा पांढरा ठिपका दिसतो. तो हाडाचा अडसर असू शकतो. मज्जारज्जूचे दोन्ही भाग कुठे वेगळे होतात, पुन्हा जुळतात का, खालचे टोक कुठे अडकले आहे, हे एमआरआय अधिक नीट सांगू शकतो. गर्भजल आटलेले असते किंवा आईच्या पोटाची जाडी ध्वनिलहरींना अडवते तेव्हाही त्याचा आधार वाटतो. हाडाच्या बारकाव्यांत मात्र सोनोग्राफीच सरस आहे. म्हणून दोन्ही तपासण्या सांगितल्या गेल्या तर त्यात संशय घेण्यासारखे काही नाही. प्रत्येक बाळाला एमआरआय लागत नाही हे खरे, आणि सोनोग्राफीत काहीही संशयास्पद नसताना तो कुणी सुचवला तर ‘यातून नेमके काय कळणार आहे?’ असे जरूर विचारावे.

किरणोत्सर्गाचा आरोप मात्र सरळ चुकीचा आहे. एमआरआय चुंबकीय क्षेत्र आणि रेडिओलहरींवर चालतो. त्यात एक्स-रे नसतात. कॅनडातील आँटेरिओ प्रांतातील १४ लाखांहून अधिक जन्मांच्या नोंदी तपासणारा अभ्यास २०१६ मध्ये ‘जामा’ या नियतकालिकात आला. पहिल्या तिमाहीत एमआरआय झालेल्या स्त्रियांच्या बाळांत जन्मजात दोषांचे प्रमाण वाढलेले आढळले नाही, आणि कण्यासाठीचा एमआरआय तर बहुधा विसाव्या आठवड्यानंतरच होतो. त्याच अभ्यासात एक गोष्ट धोक्याची निघाली: एमआरआयच्या वेळी चित्र ठळक दिसावे म्हणून शिरेतून दिले जाणारे गॅडोलिनियम हे ‘कॉन्ट्रास्ट’ द्रव्य. ते दिलेल्या गटात मृतजन्म व नवजात मृत्यू, तसेच मुलांमधील संधिवाताचे आणि त्वचेचे काही दाहक विकार यांचे प्रमाण अधिक होते. संदेशात इतक्या गोष्टींची भीती घातलेली असून गॅडोलिनियमचे नाव कुठेही नाही. गर्भाच्या कण्याच्या एमआरआयला ते लागत नाही. तरीही तपासणीच्या चिठ्ठीवर ‘कॉन्ट्रास्टविना’ असे लिहिलेले आहे ना, एवढे आत जाण्यापूर्वी पाहून घ्यावे.